दिव्याचे बटन कोणत्या बाजूला असावे, याबाबत

अर्जदार: मी स्वतः. राहणार कामठी. शिक्षण दहावीपर्यंत, त्यात गणित सुटले नाही. व्यवसाय: कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे.

पक्षकार क्रमांक एक: माझी एकुलती एक मुलगी. गेल्या उन्हाळ्यापासून माहेरी, म्हणजे माझ्याच घरी राहते. एका खाजगी दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर नोकरी करते.

पक्षकार क्रमांक दोन: तिचे यजमान. राहणार मनीषनगर. मिहानमधल्या एका कंपनीत पाळीची नोकरी.

जिच्यासंबंधी हा मजकूर आहे ती: या दोघांची मुलगी, माझी नात. इयत्ता पहिली. समोरचे दोन दात पडलेले असल्याने उच्चार जरा अस्पष्ट आहेत. म्हणणे अस्पष्ट नाही.

साक्षीदार: माझी पत्नी. तसेच चाकांचा एक सागवानी बैल.

तारखा: गेल्या उन्हाळ्यापासूनचा प्रत्येक शनिवार आणि प्रत्येक रविवार. शिवाय तान्ह्या पोळ्याचा दिवस.

नावांच्या जागा मी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. नात आता अक्षरे जुळवून वाचू लागली आहे. ऑटोत बसली की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत येते. उद्या हा कागद तिच्या हाती लागला, तर दोन पक्षकारांच्या मधोमध स्वतःचे नाव तिने वाचू नये, एवढाच हेतू.

माझ्या व्यवसायाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढे जे घडले त्याचा त्याच्याशी संबंध आहे. आता बहुतेक कामे संगणकावर होतात, माझ्या टेबलाभोवती पूर्वीसारखी गर्दी नसते, तरीही माझ्या हातचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात असा माझा लौकिक आहे. त्याचे कारण अक्षर नव्हे. माणूस येतो, स्टुलावर बसतो आणि घरातले, शेतातले, भावाभावांतले सगळे सांगत सुटतो. ते पूर्ण ऐकून घेऊन मी शेवटी एकच प्रश्न विचारतो: "हे सारं झालं बाप्पा, पण तुले पाह्यजे काय?" येथे दहातले नऊ जण गप्प होतात. तक्रार प्रत्येकाजवळ असते. विनंती फार थोड्यांजवळ असते. आयुष्यभर हा प्रश्न विचारून विचारून मी थकलो, आणि मग तो माझ्याच घरी येऊन बसला.

मुलगी आणि जावई वेगळे का झाले, ते येथे लिहीत नाही. मारझोड नव्हती, व्यसन नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरे आहेत; एका जागी बरे राहिले नाहीत. शेवटचा तंटा आमच्या अंगणात झाला, गल्ली दारात उभी असताना. त्या वेळी नात पलंगाखाली जाऊन बसली होती आणि तिला बाहेर काढायला माझ्या पत्नीची दुपार गेली. त्यानंतर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली. शाळेचे दिवस नातीने आईकडे काढावेत. शनिवारी दुपारी वडिलांकडे जावे, रविवारी संध्याकाळी परत यावे, असे ठरले. ठराव सर्वांचा होता, शब्दरचना माझी. त्यात एक कलम होते: "कोणताही पक्ष दुसऱ्या पक्षाचा उंबरठा ओलांडणार नाही, तसेच मुलीची प्रकृती व भेटीची वेळ याखेरीज परस्परांशी बोलणार नाही." हे कलम वाचले तेव्हा बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, हे मी पाहिले. पलंगाखाली बसलेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला हे कलम कठोर वाटणार नाही.

नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. शनिवारी कचेरी बंद असते, त्यामुळे माझ्याशिवाय मोकळे कोणी नव्हते. कामठीहून सामायिक ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक, तेथून मेट्रोने सीताबर्डी. तेथे फलाटावरच्या बाकावर जावई थांबलेले असत. स्टेशनाबाहेर पडायचे नाही. नात एका गाडीतून उतरे आणि पुढच्या गाडीत बसे. रविवारी हेच उलट. नातीला एखादे टपाल समजून ही व्यवस्था लावली, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, टपालाची व्यवस्था चांगली असते म्हणूनच पत्र पोचते.

ऑटोवाला ओळखीचा झाला होता. तो दर शनिवारी म्हणे, "काका, नातीची मजा हाय. दर हप्त्याले मेट्रो!"

नात त्याला गंभीरपणे उत्तर देई, "मले खिडकी नाही भेटत."

माझे गुडघे दुखतात. स्टेशनावर सरकता जिना असतो, पण तो बंद असला की मी कठडा धरून चढे आणि ती माझ्यापुढे एक एक पायरी थांबून वाट पाही. तिच्या पाठीवर दप्तरासारखी एक पिशवी असे. दोन्ही घरी कपडे, चपला, ब्रश, ताट-वाटी सगळे वेगवेगळे ठेवावे, म्हणजे ओझे नको, असेही ठरले होते. तरी पिशवी रिकामी कधी नसे. त्यात काय आहे, असे मी एकदा विचारले. म्हणाली, "जे राहून गेलं ते." मी पुढे विचारले नाही. चढ होता.

आता मुख्य मुद्दा.

या पावसाळ्यात घरी एक गोष्ट घडू लागली. रविवारी संध्याकाळी परत आली की नात बाथरूममध्ये जाई आणि आत अंधारात उभी राही. दिवा लावत नसे, हाक मारत नसे. बराच वेळ झाला म्हणून कोणी दार लोटावे, तर ही भिंतीला हात लावून उभी. एक-दोनदा फ्रॉक ओला झाला. पत्नीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मुलगी म्हणाली, "तिकडं कोणीतरी तिले भेव दाखवते, बाबा. नाहीतर तिकडून आल्यावरच काहून होते असं?"

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने चांगला होता. सोमवार-मंगळवारी थोडे कमी होई, बुधवारनंतर काहीच नसे. रविवारी पुन्हा तेच.

मी नातीला समोर बसवून विचारले, "अंधारात काहून उभी राहतं वं, माय?"

ती म्हणाली, "टीव्हीत बटन आत असते."

हे उत्तर मला निरर्थक वाटले. मुलीला वाटले नाही. टीव्हीवरच्या भुताखेतांच्या मालिका हिच्या डोक्यात बसल्या, असा तिने निष्कर्ष काढला आणि त्या दिवसापासून टीव्ही बंद केला. रिमोट कपाटात गेला. नातीने हट्ट केला नाही, रडलीही नाही. ती फक्त बंद टीव्हीकडे थोडा वेळ पाहत राहिली.

यापूर्वीचा एक प्रसंग मी तेव्हा जोडून पाहायला हवा होता असे कोणी म्हणेल, म्हणून तोही नमूद करतो. एका रविवारी जेवताना ती उत्साहाने सांगू लागली, "तिकडं एक मांजर आहे, तिले तीनच पाय—" तेवढ्यात माझ्या मुलीच्या हातातले लाटणे थांबले. नातीने आईकडे पाहिले, मग ताटाकडे पाहिले आणि म्हणाली, "टीव्हीत पाह्यली." लाटणे पुन्हा फिरू लागले. मांजराबद्दल ती त्यानंतर बोलली नाही. पण टीव्हीतल्या गोष्टी मात्र वाढल्या. टीव्हीत एक काकू रोज तुळशीले पाणी घालते. टीव्हीत कढीत साखर टाकतात. आम्हाला वाटे, मूल टीव्ही फार पाहते.

तिकडची बाजूही सांगतो, कारण एका बाजूचा अर्ज मी कधी लिहीत नाही. एका शनिवारी सीताबर्डीच्या बाकावर जावयांनी पिशवी हाती घेतली आणि नातीला दोन पावले पुढे जाऊ दिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, वेळ अन् प्रकृती याच्याशिवाय बोलायचं नाही, मले माहीत आहे. पण हे प्रकृतीचंच आहे. तिकडं तिले रागावून कोणी अंधारात कोंडते का जी?"

माझ्या घरावर असा आरोप माझ्या तोंडावर कोणी केला नव्हता. मी म्हणालो, "हा प्रश्न तुम्ही लेखी विचारा."

गाडी आली, दोघे बसले. काचेतून नात मला हात करत होती आणि मी इतका रागावलो होतो की परत हात करायला गाडी सुटेपर्यंत वेळ लागला.

घरी येऊन मी मजकूर तयार करायला घेतला. वकिलाकडे द्यायचा मजकूर. विषय असा की अल्पवयीन मुलगी वडिलांकडील मुक्कामाहून भयग्रस्त अवस्थेत परत येते, सबब तिचा रात्रीचा मुक्काम थांबवून केवळ दिवसाची भेट ठेवावी. मजकूर चांगला उतरला. मुलीने तो वाचला, कोपऱ्यात बोट ठेवून दोनदा वाचला, आणि म्हणाली, "पोळा होऊन जाऊ द्या. मग देऊ."

आता हे स्पष्ट असावे की पणाला काय लागले होते. तो कागद दाखल झाला असता, तर जावयांच्या घरी नातीचे अंथरूण राहिले नसते.

तान्हा पोळा यंदा मधल्या वारी आला, म्हणजे आमच्याकडे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लहान मुले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत दारोदार नेतात. घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते: खाऊ, नाणे, जे असेल ते. दारात आलेला बैल तसाच परत पाठवायचा नसतो. भांडणातल्या घरचा असला तरी नाही.

नातीला आदल्या हप्त्यात विचारले, बैल कसा सजवायचा. ती म्हणाली, "माझा बैल टीव्हीत आहे."

घरात हशा झाला. पत्नी म्हणाली, "आता बैलही टीव्हीत गेला का वं?"

मी हसलो नाही. मला तो बैल ठाऊक होता. सागवानाचा, उजवा कान तुटलेला. जावयांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या सुताराने करून दिलेला. गेल्या वर्षी हे तिघे एकत्र असताना नातीने त्याच्या शिंगांना आईचे नखपॉलिश लावले होते. तो मनीषनगरला चपलांच्या रॅकवर असतो. म्हणजे टीव्ही हे मनीषनगरचे नाव होते. आमच्या घरात ज्या घराचा उल्लेख करता येत नाही, त्या घरासाठी तिने एक जागा शोधली होती जिचा उल्लेख केलेला चालतो. आणि आम्ही ती जागाही बंद करून कपाटात ठेवली होती.

हे मी कोणाला सांगितले नाही. कसे सांगावे ते सुचले नाही. दुसऱ्यांचे सांगणे मला सुचते.

बाजारातून मी नवा बैल आणला. रंगीत, बेगड लावलेला, चाके सुरळीत. नातीने तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "छान आहे," ती म्हणाली, पाहुण्याने दिलेल्या वस्तूला म्हणतात तसे. मग भिंतीशी ठेवला, तोंड भिंतीकडे.

तेव्हा मी जावयांना पत्र लिहिले. फोन मी करत नाही. फोनवर बोललेले टिकत नाही. विषय: लाकडी बैल तात्पुरता देण्याबाबत. सणाच्या दिवशी सकाळी सीताबर्डी येथे फलाटावर हस्तांतर करावे, सणानंतर बैल परत करण्यात येईल, अशी सविस्तर रचना केली आणि पत्नीच्या मोबाइलवरून त्याचा फोटो पाठवला. उत्तर आले नाही.

सणाच्या दिवशी दुपारी गल्लीत मुलांची ये-जा सुरू झाली. उकाडा होता. पत्नी दारात ताट घेऊन बसली होती. नात तिच्या बाजूला पायरीवर, रिकाम्या हाताने. नवा बैल तिने बाहेर आणलाच नव्हता. मुलगी आत करंज्या तळत होती.

फाटकाबाहेर जावई येऊन उभे राहिले. अंगावर कंपनीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, काखेत बैल.

"मामाजी, बैल आणला. शिफ्ट सुटली तसाच आलो."

"उत्तर दिलं असतं तर मी स्टेशनवर आलो असतो," मी म्हणालो.

"तुमच्या पत्राले उत्तर लिहाले मले सणभर बसा लागलं असतं जी."

त्यांनी फाटकावरून बैल पुढे केला. कलमाप्रमाणे ते बाहेर होते, मी आत होतो, सर्व नियमात होते. मी हात पुढे केला.

"आबाजी, घेऊ नका!" नात पायरीवरून ओरडली. एवढ्या मोठ्याने ती आमच्या घरी प्रथमच बोलली असावी.

"काहून वं?"

"बैल हातानं घेत नसते. तो चालत येते. ज्यानं आणला त्यानं ओढा लागते."

मी पत्नीकडे पाहिले. ती ताट सावरून उठली. "पोरगी बरोबर बोलून राहिली. दारात आलेला बैल फाटकावरून उचलत नाहीत. खोला फाटक."

"अन् कराराचं काय?"

"तुमचा करार ठेवा तिकडं निंबाखाली. बैलाची सही हाय का त्याच्यावर?"

अर्ध्या आयुष्यात माझ्या कोणत्याही कागदावर इतका थेट आक्षेप कोणी घेतला नव्हता. आक्षेप ग्राह्य होता. मी फाटक उघडले.

जावयांनी बैल जमिनीवर ठेवला, दोरी धरली आणि तो ओढत अंगणात आणला. एक चाक करकरत होते. पाटापुढे रांगोळी होती, तेथे बैल थांबला आणि जावईही थांबले, दोरी हातात तशीच. आता पुढे काय, हे त्या वयाच्या माणसाला कोण सांगणार?

"पाणी आण वं," पत्नीने आत हाक दिली, "बैलाच्या पायावर घालाले."

आत तळण्याचा आवाज थोडा वेळ तसाच चालू राहिला. मग माझी मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. तिने कोणाकडे पाहिले नाही. वाकून चारही चाकांवर पाणी घातले. तुटक्या कानाजवळ तिचा हात क्षणभर थांबला. शिंगांवर नखपॉलिशचे डाग अजून होते. पत्नीने ओवाळले आणि जावयांच्या तळहातावर एक करंजी व एक नाणे ठेवले.

"घ्या, बोजारा."

"मामी, मले कशाले?"

"बैल आणणाऱ्यालेच देतात. वय नाही विचारत."

त्यांनी घेतला. गळ्यात कंपनीचे कार्ड घातलेला तो माणूस हातात बोजारा घेऊन आमच्या अंगणात उभा होता आणि मला तो त्या क्षणी फार थकलेला दिसला. मीही तसाच दिसत असेन.

नात उठली, वडिलांचे बोट धरले. "पप्पा, चाल. तुले एक दाखवतो."

ती त्यांना ओसरीतून थेट आत घेऊन गेली. कोणी अडवले नाही. अडवायचे तर बोलावे लागले असते. बाथरूमच्या दाराशी तिने त्यांना उभे केले आणि चवड्यांवर उभी राहून बाहेरच्या भिंतीवरचे बटन दाबले.

"पाह्य. इथलं बटन बाहेर आहे. तुह्या घरी आत आहे, माझ्याएवढं. म्हणून इथं आली की मी आत शोधतो, अन् तिथं गेली की बाहेर शोधतो. मले ध्यान राहत नाही."

तिने दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती. "मंग सांगतलं काहून नाही तू?"

"सांगतलं होतं," नात म्हणाली. "तू टीव्ही बंद केला."

कढईत एक करंजी करपत होती, तिचा वास आला. जावई हळूच म्हणाले, "तिकडं ती बाथरूमच्या बाहेर उभी राहते. मले वाटलं, आत जायले भिते." हे ते कोणाला म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. भिंतीला म्हणाले असावेत. पण माझ्या मुलीने मान हलवली, हे मी पाहिले.

ते थोड्याच वेळात गेले. चहा कोणी विचारला नाही. आरतीला प्रथा होती, चहाला नव्हती. बैल शनिवारपर्यंत आमच्याकडे राहील, एवढेच ठरले, तेही नातीमार्फत. मग ती करकरत्या चाकाचा बैल ओढत गल्लीत निघाली आणि अंधार पडेपर्यंत दारोदार जाऊन फ्रॉकच्या ओच्यात बोजारा गोळा करून आली.

वकिलाकडे द्यायचा मजकूर मी दाखल केला नाही. फाडलाही नाही. तयार केलेला कागद फाडणे माझ्या सवयीत बसत नाही. मुलीनेही त्याबद्दल विचारले नाही.

त्याऐवजी मी एक ठोस कृती केली. ओळखीच्या वायरमनला बोलावून बाथरूमचे बटन बाहेरून आत घ्यायला लावले, नातीच्या उंचीवर. शनिवारी बाकावर जावयांची भेट झाली तेव्हा हे सांगावे असे मनात आले होते. पण ते वेळेत बसत नव्हते आणि प्रकृतीतही बसत नव्हते. शिवाय चांगले काम करून ते सांगत बसणे मला आवडत नाही. जावईही काही सांगावे असे पाहत होते, असे मला वाटले. पण गाडी आली.

रविवारी संध्याकाळी नात परत आली. चपला काढल्या, बाथरूममध्ये गेली. आम्ही तिघेही आपापल्या कामात असल्यासारखे कान देऊन बसलो होतो. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"आबाजी, बटन तुम्ही आत केलं?"

"हो. तुझ्या पप्पाच्या घरासारखं."

"पप्पानं बाहेर करून घेतलं," ती म्हणाली. "आपल्या घरासारखं."

माझी मुलगी पोळ्या लाटत होती. तिला आधी हसू आले. मग पिठाचा हात तसाच कपाळाला लावून ती ओट्याशी टेकून खाली बसली आणि किती तरी वेळ उठली नाही. पत्नी म्हणाली, "एकानं तरी दुसऱ्याले सांगावं ना बाप्पा!" याला माझ्याजवळ उत्तर होते, त्याचे कलमही ठाऊक होते. पण ते मी काढले नाही.

नातीने आजीकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि जशी ती जिन्यावर माझ्यासाठी थांबते तशी थांबून म्हणाली, "राहू द्या. मी ध्यानात ठेवतो. आता इथं आत, पप्पाच्या घरी बाहेर."

पप्पाच्या घरी, असे ती म्हणाली. टीव्हीत म्हणाली नाही. आईच्या समोर म्हणाली, आणि मुलीने उठून लाटणे हातात घेतले व पुढची पोळी लाटली. येथवरची प्रगती एवढीच आहे. ती मी कमी लेखत नाही.

परंतु "राहू द्या" हे शब्द मी माझ्या टेबलासमोर रोज ऐकतो. ज्यांचे अर्ज फार वर्षे पडून राहिले, ती माणसे असे बोलतात. पुढचे दोन दात पडलेल्या मुलीच्या तोंडी ते शोभत नाहीत. म्हणून, इतरांना जो प्रश्न मी विचारतो तो स्वतःला विचारून, दोन्ही पक्षकारांपुढे ही एकच विनंती ठेवत आहे.

दोघांनी परस्परांशी एकदा, माझ्यामार्फत नव्हे, बोलून ठरवावे की बटन आत असावे की बाहेर. बाजू कोणतीही चालेल. त्याबाबत माझा आग्रह नाही, वायरमन पुन्हा यायला तयार आहे. या बोलण्यास आड येणारे ठरावातील कलम मीच रचलेले असल्याने ते मागे घेण्यास माझी हरकत नाही, असे येथे लिहून देतो. ठरल्यावर ते लेखी कळवू नये. नातीला तोंडी सांगावे, आणि शक्य झाल्यास दोघांनी एकाच वेळी, एकाच दारात उभे राहून सांगावे.

निर्णय होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून दोन्ही घरच्या बाथरूममधला दिवा शनिवारी व रविवारी चालूच ठेवण्यात यावा. आमच्याकडचा आज लावून ठेवला आहे.

आपल्या दोघांच्या उत्तराची प्रतीक्षा आहे.

सही: अर्जदार
साक्षीदाराची सही: पत्नीने केली. बैल सध्या मनीषनगरला आहे.